हात काढ, मामा

फोनवर मामाचं नाव उमटलं म्हणून मी ‘हॅलो’सुद्धा म्हणाले नाही. “झालं का रे? फाइल लगेच पाठव,” एवढंच म्हणाले. पलीकडे मामा नव्हता. भिवंडीतल्या नारपोलीच्या कारखान्यात लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, दुरुस्तीचं काम बघणारे जॉबर, रफीकभाई होते. “मॅडम, मैं रफीक. सर गिर गये हैं... उठ नहीं रहे.” त्यांच्या आवाजामागे लूमचा ठोका ऐकू येत होता. तो ठोका मला पाठ आहे. गेली चार वर्षं मी त्याचंच गणित मांडते आहे. पुढे रफीकभाई काय बोलले, रिक्षा कुणी आणली, दवाखान्यात कोण पोहोचलं, हे मला नंतर इतरांकडून कळलं. मला आठवतो तो फक्त ठोका, आणि माझं स्वतःचं पहिलं वाक्य. या पुरवणीने मामाविषयी लिहायला सांगितलं तेव्हा त्या वाक्यानंतरच्या कुठल्यातरी आठवणीपासून सुरुवात करता येईल का, असा विचार मी बरेच दिवस केला. करता आली नाही.

दिनकरमामा भिवंडीजवळच्या शेलार गावचा. घरची भातशेती, घराण्यात पदवी घेतलेला पहिला माणूस तोच, आणि जवळच्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तो मेकॅनिकल शाखेला शिकवत असे. घरी त्याची भाषा शेलारची, वर्गात मात्र इतकी नीटनेटकी इंग्रजी की मुलांना हे दोन वेगवेगळे गृहस्थ वाटावेत. मी त्याच्याच महाविद्यालयात शिकले आणि ती सगळी वर्षं त्याच्याच घरी राहिले. सकाळी मोटारसायकलवर मागे बसून “मामा, हळू चालव ना” म्हणायचं आणि तासाभराने त्यालाच “येस सर” म्हणून हजेरी द्यायची, अशी आमची व्यवस्था होती. एकदा मी वर्गात चुकून ‘मामा’ म्हणाले. वर्ग हसला. तो फळ्याकडे तोंड करून म्हणाला, “मिस तेजल, नात्यातले प्रश्न मधल्या सुट्टीत.” 

धातू कसा थकतो हे मी वर्गात शिकण्याच्या फार आधी त्याच्या ओटीवर शिकले. मोठ्या वजनाने वस्तू मोडते हे कुणालाही पटतं. पण जे वजन ती सहज पेलते तेच पुन्हापुन्हा दिलं की एक दिवस ती मोडते, हे पटायला कठीण. मामाने ते पटवायला मामीचा केसांचा आकडा घेतला आणि माझ्या हातात देऊन म्हणाला, “वाकव. आता सरळ कर. आता परत.” आकडा तुटला तेव्हा मी दुसरा मागितला, मग तिसरा. “कुठून तुटनार ते आधी सांग, मग वाकव,” तो म्हणाला. त्या सुट्टीत मामीच्या डोक्याला आकडा उरला नाही. “यांच्या शिकवणीपायी मी झिपरी फिरते,” असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. पुढे मी पीएच.डी.साठी बंगळुरूला निघाले तेव्हा तिने माझ्या बॅगेत आकड्यांचं अख्खं पुडकं टाकलं. “तिथं तरी दुसरीचे घेऊ नको.”

मामाच्या संशोधनाचा विषय ऐकून बाहेरचे लोक हसत. लूममध्ये आडवं सूत वाहून नेणाऱ्या धोट्याला एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फेकणारा एक लाकडी दांडा असतो, पिकिंग स्टिक म्हणतात त्याला. मिनिटाला शंभरावर फटके मारून तो दांडा थकतो आणि मोडतो. मोडताना धोटा भलतीकडे उडतो. मामाच्या लहानपणी असा उडालेला धोटा त्याच्या एका शेजाऱ्याच्या जबड्यावर बसला होता. तो माणूस आयुष्यभर एका बाजूनेच जेवला. दांडा केव्हा मोडेल हे आधी सांगता आलं तर तो आधीच बदलता येईल, एवढीच मामाची इच्छा होती. पण पुस्तकांतली गणितं दांड्याला ताठ मानत. प्रत्यक्षात तो छडीसारखा लवतो, ज्यावर बसवलाय तो सांगाडाही लवतो, आणि दोघांचं लवणं एकमेकांत मिसळतं. लवचीक रचनांचं गणित हा माझा विषय. म्हणून मी बंगळुरूहून गणित मांडायचं आणि मामाने नारपोलीत मोजमाप घ्यायचं, असं ठरलं. “लूम भंगारात चालले नि तुम्ही दांड्याची पत्रिका मांडता,” असं त्याचे सहकारी म्हणत. “भंगारात जाईपर्यंत मानूस त्याच्यासमोरच उभा हाय ना?” हे मामाचं उत्तर.

भिवंडीत लूमची सुट्टी शुक्रवारी. इतर दिवशी कारखान्यात शेजारच्या चाळीस लूमची थरथर आमच्या मोजमापात शिरत असे, म्हणून आमचं काम शुक्रवारीच चाले. सगळे लूम थंड, एकच लूम चालू, तोही सूत न भरता रिकामा, आणि त्याच्यासमोर मामा एकटा. लूमच्या दोन टोकांना आम्ही छातीएवढ्या उंचीवर एक बारीक लोखंडी पाईप आडवा बसवला होता. सांगाड्याची थरथर मोजणारे सेन्सर त्या पाईपवर चिकटवलेले. पाईप मुद्दामच लवचीक घेतला होता, सांगाडा किंचित हलला तरी तो बोलावा म्हणून. अडचण एकच होती. मामाला त्या पाईपवर हात ठेवायची सवय होती.

तो बोटं टेकवायचा, डोळे मिटायचा, आणि थोड्या वेळाने म्हणायचा, “चांगला चाललाय.” मला ही सवय अजिबात खपत नसे. तळहात टेकला की पाईपची थरथर दबते आणि तेवढा भाग निरुपयोगी होतो. संगणकावर ती रेघ आली की मला लगेच कळे: काट्यासारखी दाट चाललेली रेघ मध्येच मऊ पडलेली, म्हणजे इथे मामाचा हात. मी तेवढा तुकडा कापून टाकी आणि फोनवर त्याला झापत असे. “मामा, तू तीस वर्षं विद्यार्थ्यांना काय शिकवलंस?” “हेच, की हात लावायचा न्हाय.” “मग?” “अगं बाय, मला पन कळू दे की तो कसा चाललाय. सगळं तुझ्या कॉम्प्युटरलाच कळायचं का?” शेवटी मोजमापाचे नियम मी लिहून काढले आणि लूमशेजारच्या भिंतीवर चिकटवायला लावले. हात लावू नये. दार बंद ठेवावं. पंखा बंद ठेवावा, कारण वाऱ्याने सेन्सरची रेघ सरकते. मामाने उकाड्यासाठी घरचा उभा पंखा तिथे नेऊन ठेवला होता. एक पातं वाकलेलं, त्यामुळे चालताना टकटकणारा. तो माझ्या नियमानुसार शुक्रवारी बंदच असे. फोन केला की माझा पहिला प्रश्न ठरलेला: “हात नाही ना ठेवलास?” आणि त्याचं हसून उत्तर: “न्हाय गो बाय.” तो खोटं बोलतोय हे मला कळे, आणि मला कळतंय हे त्याला.

त्या शुक्रवारी मला त्या मोजमापाची घाई होती. शोधनिबंध पाठवायची मुदत जवळ आली होती. आदल्या दिवशी त्याने विचारलं होतं, “पुढच्या शुक्रवारी केलं तर चालेल का? जरा अंग जड वाटतंय.” मी म्हणाले, “मामा, पुढच्या शुक्रवारी काय उपयोग?” तो म्हणाला, “बरं.” आमचा तेवढाच संवाद. मी त्याला दमदाटी केली नाही, रडले नाही, गळ घातली नाही. एक वस्तुनिष्ठ प्रश्न विचारला आणि त्याने त्याचं वस्तुनिष्ठ उत्तर दिलं. आज मला त्यातली सगळ्यात भयंकर गोष्ट हीच वाटते, की ते इतकं सोपं होतं.

दुपारी रफीकभाई जुम्याच्या नमाजाला गेले. जाताना “सर, मैं आऊं तब तक बैठ जाइये” असं ते म्हणाले होते, कारण मामाचा चेहरा त्यांना उतरलेला वाटला. त्यानंतर थोड्याच वेळात मी फोन केला. हात नाही ना ठेवलास, विचारलं. “न्हाय गो बाय,” तो म्हणाला. मोजमाप कसं चाललंय, रेघ सरळ आहे का, किती राहिलं, हे मी विचारलं आणि त्याने सांगितलं. मग म्हणाला, “घाम लय येतोय गो आज.” मी म्हणाले, “पंखा बंद आहे म्हणून. अजून थोडंच राहिलंय, लावू नकोस हं.” “न्हाय लावत,” तो म्हणाला.

घाम येण्याची कारणं दोन असू शकतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण आमच्या जगात पंखा बंद होता, आणि पंखा बंद असला की घाम येतो. कारण हाताशी तयार होतं. मी दुसरं शोधलं नाही. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मामाने त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

हृदयविकाराचा झटका, असं डॉक्टरांनी सांगितलं. शेलारला आलेला प्रत्येकजण मामीला समजावत होता, “झटक्यात गेला, काही त्रास झाला न्हाय.” मामी मान डोलवायची. तेराव्यानंतर ओटीवर आम्ही दोघीच उरलो तेव्हा ती मला म्हणाली, “तेजू, तुला एक विचारू? सकाळी निघताना ते दारात जरा थांबले होते. मला वाटलं चपला बघतायत. मी भाकऱ्या थापत होते, वर बघितलंच न्हाय. तवाच दुखत असंल का गं त्यांना? मी बघितलं असतं तर...” मी म्हणाले, “मामी, असं काही नसतं.” “तुला काय ठाव? तुमचं ते मशीन सगळं लिवतं ना? मामा म्हनायचे, मी हात ठेवला की पोरीला तिकडं कळतं. मग बघून सांग ना मला... ते कवापासून बरे नव्हते.”

मामाचा लॅपटॉप मी बरोबर घेऊन बंगळुरूला परतले. शेवटची फाइल त्यात होती. माझ्या मार्गदर्शकांनी मुदत वाढवून घेतली आणि कुणीही मला काही विचारलं नाही. मी ती फाइल उघडली नाही. कामात गढलेय असं सगळ्यांना सांगितलं आणि खरोखरच गढले. वेगळाच एक भाग लिहून काढला, जो चांगला उतरला. मामी दर रविवारी फोन करायची. इकडचं तिकडचं बोलायची, राहनाळच्या गोदामात लागलेल्या तिच्या भाच्याच्या ड्युटीचं सांगायची, आणि ठेवता ठेवता विचारायची, “बघितलंस का गं?” “अजून नाही, मामी.” “बरं. सवडीनं बघ.” तिच्या त्या ‘सवडीनं’मागे काय चाललंय हे मला कळत होतं. ती रोज सकाळी भाकऱ्या थापताना त्या दाराकडे बघत होती. तिला त्यातून सोडवणं माझ्या हातात असू शकत होतं, आणि मी ते करत नव्हते. कारण त्या फाइलमध्ये सकाळ होती तशी दुपारही होती.

शेवटी उघडली. सुरुवातीची रेघ स्वच्छ होती. थोड्या वेळाने एक छोटासा मऊ तुकडा: बोटं टेकलेली, लगेच उचललेली. मामाची नेहमीची चाल. ‘चांगला चाललाय’ म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. बऱ्याच अंतराने तसाच आणखी एक. एखाद्या खिडकीतून तो दिसावा तसा मला दिसला. मग, दुपारी, हात पुन्हा आला आणि उठला नाही. रेघ नुसती मऊ पडली नव्हती, खाली उतरली होती, म्हणजे पाईप वाकला होता. हा थरथर बघणारा हात नव्हता. तो टेकला होता. 

मी घड्याळाची वेळ लावून पाहिली. माझा फोन जिथे सुरू झाला, तिथे पाईप एकदम सुटला. माझ्या पहिल्या प्रश्नापाशी. बोलणं चालू असेतो रेघ अगदी स्वच्छ आहे, चार वर्षांत कधी मिळाली नव्हती इतकी. फोन संपल्यावरही काही काळ ती तशीच राहते. मग हात परत येतो, आधीपेक्षा जड. मग पाईप झटक्याने वर उसळतो आणि कितीतरी वेळ मोकळा थरथरत राहतो... रफीकभाई येऊन लूम बंद करेपर्यंत.

माझ्यातल्या संशोधिकेने लगेच शंका काढल्या. पाईप दुसऱ्या कारणानेही वाकला असेल. वेळ जुळणं योगायोग असेल. म्हणून मी भिवंडीला गेले, शुक्रवार धरून. रफीकभाईंनी कुलूप काढलं, पण त्या दिवशी ते मला सोडून गेले नाहीत. “नमाज बाजूवाली मस्जिद में बाद में पढ लूंगा, आप काम कीजिए,” म्हणाले आणि दारात स्टूल टाकून बसले. सेन्सर अजून चिकटलेले होते, भिंतीवर माझे नियमही. मी लूम चालू करायला लावला आणि पाईपवर बोटं टेकवली. रेघ मऊ पडली, खाली गेली नाही. तळहात टेकला, तरी नाही. हात कोपरापासून ताठ करून सगळा भार टाकला, पाय जवळजवळ उचलले, तेव्हा कुठे ती त्याच्या रेघेपर्यंत उतरली. तेव्हा मला कळलं की मामा किती टेकला होता. आणि एवढ्या आधारावरून त्याने हात काढला, कारण मी विचारलं होतं. त्या एका वेळी तो खोटं बोलला नाही. म्हणजे बोलला, पण बोलता बोलता ते खरं करून टाकलं.

“मॅडम, बस?” रफीकभाईंनी विचारलं. मी लूम बंद करायला सांगितला. भिंतीवरचा कागद काढून घेतला.

तिथून शेलारला गेले. मामी ओटीवर होती. रिक्षात मी वाक्यं जुळवली होती, ती सगळी एका दमात बोलून टाकली: सकाळी तो बरा असावा, मामी. दुपारपर्यंत नेहमीसारखाच हात ठेवत होता, उचलत होता. शंभर टक्के सांगता येत नाही, पण त्या रेघेत सकाळी काहीही नाही. त्रास दुपारी सुरू झाला. तो पाईपला धरून उभा राहिला. मग माझा फोन आला. मी विचारलं हात ठेवलास का, म्हणून त्याने हात काढला. घाम येतोय म्हणाला, मी पंखा लावू दिला नाही.



“सकाळी बरे होते,” मामी म्हणाली.

“हो.”

“आनि तू बोललीस म्हनून हात काढला.”

“हो.”

“तुझा शब्द मोडायचे न्हाय,” ती म्हणाली. “माझा रोज मोडायचे.”

यात तिने मला माफ केलं का, हे मला माहीत नाही, आणि विचारायचा अधिकारही मला नाही. डॉक्टरकडे वेळेत पोहोचला असता तर तो वाचला असता का, याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. ते ‘कुणीच देऊ शकत नाही’ मी सोयीस्करपणे वापरणार नाही, एवढंच ठरवलंय. शोधनिबंधात हाताचा तो तुकडा येणार नाही, कारण पद्धतीच्या दृष्टीने तो बिघडलेलाच आहे. पण जुन्या साऱ्या फाइली मी वर्षानुवर्षं साफ करत आले, मूळ प्रती ठेवल्या नाहीत. मामाचा हात मी माझ्याच हाताने कापत गेले. कापलेला नाही असा हा एकच उरला आहे.

त्या दिवशी मी उठायला लागले तेव्हा मामी म्हणाली, “बस. घामानं भिजलीस.” आत गेली आणि तो उभा पंखा ओढत बाहेर घेऊन आली. तेरावं झाल्यावर रफीकभाईंनी तो घरी पोहोचवला होता. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून उभा होता, कुणी लावला नव्हता. तिने पिन बोर्डात घातली, बटण दाबलं. पातं हललं नाही. तिने जाळीतून बोट घालून त्याला ढकललं तेव्हा ते फिरायला लागलं, टकटक, टकटक... मग तिने पंख्याची मान धरली आणि ती माझ्याकडे वळवली.